दोनावर भरवसा

लीलाबाईच्या पोरानं ऑपरेशन करून घेतलं ही गोष्ट गावात सगळ्यांना कळली, आणि सगळ्यात शेवटी कळली ती लीलाबाईला.

तीही कुठं कळावी, तर रोवणीच्या बांधीत. गुडघाभर चिखल, हातात भाताच्या पऱ्ह्याची, म्हणजे रोपांची पेंडी, पाठीवर बांधलेलं मेणकापड, आणि ओळीनं वाकलेल्या दहा-बारा बाया. रोवताना बायांचे हात चालतात त्याच्या दुप्पट तोंडं चालतात. कुणाची सून माहेरी गेली, कुणाची म्हैस आटली, सगळं त्या चिखलात रोवून होतं.

शेजारच्या ओळीत अनुसयाबाई होती. तिनं मान वर न करताच विचारलं, "काय व लीलाबाई, संघदीप कसा हाये आता? चालता येते का नीट?"

"पोट दुखत होतं त्याचं," लीलाबाई म्हणाली. "आता बरा हाये."

ओळीत कुठंतरी फिस्सकन हसू फुटलं.

"पोट?" अनुसयाबाई म्हणाली. "पोटाच्या जरा खाल्ल्या अंगाले दुखत असल व."

मग सगळ्याच बाया हसल्या. एकीला तर हसता हसता चिखलात हात टेकावा लागला. लीलाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि एकेकीच्या तोंडाकडं बघू लागली. शेवटी टोकाला रोवत असलेल्या एका तरुण सुनेला तिची कीव आली.

"काकू, तुमाले घरी सांगतलं नाही का? त्यायनं गोंदियाले जाऊन नसबंदी करून घेतली. माज्या जावेचा भाऊ तेथीच होता दवाखान्यात, त्यानं पाह्यलं."

लीलाबाई पुन्हा वाकली, हातातली पेंडी संपेपर्यंत रोवत राहिली. मग पाटाच्या पाण्यात हातपाय धुतले, मेणकापड घडी घालून काखेत मारलं आणि दुपार व्हायच्या आधीच घराची वाट धरली. अनुसयाबाईनं मागून हाक मारली, "अवो, रुसली का? मजाक केली बाई!" पण तिनं मागं वळून पाहिलं नाही.

घरी छपरीत खाटेवर संघदीप पाय जरा फाकवून बसला होता. मोठी पोर गुंजन त्याच्या पाठीवर चढली होती, धाकटी झोळीत झोपली होती, आणि तो एका पायानं झोळीची दोरी हलवत होता. एकतीस वर्षांचा उंचपुरा गडी, तलावाखाली ढिवर मासेमारांच्या सोसायटीचं मासोळीच्या बियाण्याचं केंद्र होतं तिथं कामाला. पाच दिवस कामावर गेला नव्हता.

लीलाबाई समोर उभी राहिली. पायाचा चिखल अजून पुरता गेला नव्हता.

"खरं हाये का?"

काय खरं, हे त्यानं विचारलं नाही. "हो माय."

"कोनाले इचारलं?"

"दीप्तीले," तो म्हणाला. मग जरा थांबून, "अन् बाबाले."

हे दुसरं नाव जास्त झोंबलं. तेवढ्यात गोठ्यातून देवाजी बाहेर येत होता. बायकोचा चेहरा बघितला आणि तो तसाच आल्या पावली वळून गोठ्यात गेला. मग गोठ्यातून वासराशी बोलण्याचा आवाज येत राहिला. एरवी देवाजी माणसांशीही इतकं बोलत नसे.

"इमर्जन्सीच्या टायमाले नसबंदीची जीप आली की गावचे गडी जंगलात पळून जात," लीलाबाई म्हणाली. "तुजा आजा दोन दिवस पहाडीवर राह्यला, मोहाची फुलं खाऊन. अन् तू बसचं तिकीट काढून गेलास!"

संघदीपला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. "माय, दीप्तीचं रक्त किती गेलं होतं, तू पाह्यली न. बाटल्यावर बाटल्या चढवल्या. डॉक्टर म्हने, तिचं ऑपरेशन बी होते, पन थांबा, रक्त भरू द्या. मी म्हनलो, तिनं कायले? दोन डाव पोट चिरून घेतलं तिनं. माज्यात तं टाका बी पडत नाही."

"तुले भेव नाही लागलं?"

"लागलं. पन झटक्यात झालं."

लीलाबाईनं झोळीकडं पाहिलं. झोळीतून एक इवलीशी मूठ बाहेर आली होती. "दोनच?" ती म्हणाली.

"दोनच."

सैपाकघराच्या दारात दीप्ती येऊन उभी होती. गोंदिया शहरातली पोर, बोलताना अर्धी हिंदी यायची तिच्या तोंडात. बाळंतपणाला तीन महिने होत आले तरी चेहऱ्यावर पुरता रंग आला नव्हता. ती हळूच म्हणाली, "आई, नाराज नका होऊ न. अगली बार बी मुलगीच झाली असती तर काय केलं असतं?"

लीलाबाईनं तोंड उघडलं. मग तसंच मिटलं. ती मागच्या अंगणात निघून गेली आणि तिनं घडाघडा भांडी घासायला घेतली. आधीच घासलेलीसुद्धा.

त्या दिवसापासून लीलाबाईचं पोराशी बोलणं बंद झालं. भांडण नाही, आदळआपट नाही. ताटात भात वाढायची, वर आमटीही वाढायची, पण बोलायचं ते गुंजनच्या मार्फत. "तुज्या बापाले सांग, भाकर थंडी होऊन राहिली." गुंजनला हा नवा खेळच वाटला. समोरच बसलेल्या बापाला ती निरोप सांगायची, आणि बापही गंभीर तोंडानं उलटा निरोप द्यायचा.

गावात म्हणत होते, म्हातारीला नातू पाहिजे होता. शेजारी हेच म्हणत होते, दीप्तीला हेच वाटत होतं, आणि देवाजीनंही एकदा तांदूळ निवडत बसलेल्या बायकोजवळ उकिडवं बसून सांगून पाहिलं, "आपन बाबासाहेबाले मानतो. पोरगा-पोरगी एक." लीलाबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो उठून पुन्हा वासराकडं गेला.

आठवडा उलटला. संघदीप कामावर जाऊ लागला, हलकं काम करायचं असं सांगून. एक दिवस तो डबा विसरून गेला. देवाजी युरिया आणायला अर्जुनीला गेला होता, धाकटीनं सकाळपासून रडून घर डोक्यावर घेतलं होतं, आणि दीप्ती तिला खांद्यावर टाकून येरझारा घालत होती. राहता राहिली लीलाबाई. तिनं डबा उचलला, पदर खोचला आणि तलावाच्या पाळीकडं, त्या मातीच्या बांधाकडं निघाली.

गावातला तलाव जुना, कुणाच्या पणज्याच्याही आधीचा. त्याच्या पाळीवरून लीलाबाई हजारदा गेली असेल, पण पाळीखालच्या केंद्रात तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. आत सिमेंटचं एक गोल टाकं होतं. त्यात पाणी आपोआप गरगर फिरत होतं, जात्यासारखं. सोसायटीचा नंदलाल हाफचड्डीवर टाक्याच्या काठावर बसला होता.

"या काकू, या! आज इकडं कशा?" तो उठला. "संघदीप त्या बोडीवर हाये. पन आल्यासारखं हे पाहून जा. रोहूचे अंडे हायेत, आजचेच."

लीलाबाई वाकली. पाण्यात भिजून फुगलेल्या साबुदाण्यासारखं काहीतरी फिरत होतं. एक नाही, दोन नाही, सगळं पाणीच साबुदाण्याचं. नंदलालनं वाटीभर पाणी काढून उन्हाकडं धरलं. प्रत्येक दाण्यात एक बारीक रेघ होती, आणि बघता बघता एक रेघ वळवळली.

"हे सारे एकीचे?"

"चार-पाच जनींचे. पन एकीचे बी लाखानं राहतात."

"अन् त्या कोठी हायेत? यायच्या माया?"

"त्या?" नंदलालनं दुसऱ्या टाक्याकडं हात केला. "त्या मोकळ्या झाल्या. रोहू अंडे सोडते न् आपल्या वाटेनं जाते. मागं वळून पाहत नाही. नदीत असत्या तं आतापर्यंत कोठच्या कोठी गेल्या असत्या."

"मंग हे जगतात कशे?"

"येथी आपन जपतो म्हून जगतात. नदीत कोन जपते? कोनाले बेंडूक खाते, कोनाले मोठी मासोळी, कोनी पुरात वाहून जाते. लाखातनं दोन-चार मोठे झाले तरी लय झालं."

लीलाबाई त्या वाटीकडं बघत राहिली. "मंग इतके कायले देते?"

"ते दोन-चार जगावे म्हून," नंदलाल म्हणाला, आणि त्यानं वाटी परत टाक्यात ओतली.

लीलाबाई क्षणभर काठावर टेकली. तिनं स्वतः सात बाळंतपणं काढली होती. थोरली देवरीला दिलेली, मधला रायपूरला कारखान्यात, आणि शेंडेफळ संघदीप. जगले ते तीन. गावात ती सात म्हणून सांगायची, आणि बाया मान डोलवायच्या. त्यात नवल काहीच नव्हतं, तिच्या वयाच्या सगळ्याच बायांचा हिशोब थोडाबहुत तसाच होता. पण कुणी असं वाटीत घेऊन उन्हाकडं धरून दाखवलं नव्हतं.

"काकू, पानी देऊ का?"

"नोको," म्हणून ती उठली आणि बोडीकडं गेली.

केंद्राच्या टोकाला एक बोडी होती, छोटंसं तळंच. अंड्यातून निघालेलं बारीक जिऱ्यासारखं बी त्यात वाढवायला सोडत. संघदीप तिच्या काठावर हातजाळं घेऊन उभा होता. आईला बघून तो दचकलाच. तिनं डबा पुढं केला. त्यानं घेतला. गुंजन नव्हती, त्यामुळं निरोपाचीही सोय नव्हती.

मग त्यानं नुसतं बोट करून पाण्याकडं दाखवलं.

काठापासून हातभर अंतरावर पाण्यावर लालसर चट्टा होता, थाळीएवढा. शिजणाऱ्या भातासारखा तो खदखदत होता. नीट पाहिलं तर ती पिल्लं होती. सुईएवढी, तांबूस, शेकड्यानं, एकमेकांना चिकटून. सगळी मिळून वर यायची, पाण्याबाहेर हवा घ्यायची, पुन्हा खाली जायची. आणि त्या चट्ट्याच्या खाली, मनगटाएवढी जाड, काळी सावली संथ फिरत होती.

"मरळ," लीलाबाई म्हणाली. आठवड्यानंतर पोरासमोर तिच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द. मग लगेच तिनं विचारलं, "कोन हाये ते? माय का बाप?"

संघदीपनं चमकून तिच्याकडं पाहिलं. "जोडी असते माय. पन पिल्लायले जास्त करून बापच राखते. माय बी असल आसपास."

तोवर नंदलाल मागून आला. "काढ गा लवकर. उद्या ह्याच बोडीत बी सोडायचं हाये. एक मरळ राहिली तं अर्धं बी फस्त करल." मग लीलाबाईकडं वळून हसत, "अन् वजनात बी चांगली हाये. काकू, आज घरी न्या रस्स्याले."

संघदीपनं जाळं हळूच पाण्यात सरकवलं आणि पिल्लांच्या चट्ट्याखालून वर घेतलं. बरीचशी पिल्लं जाळ्यात आली. तोच पाण्यात धडक बसली. ती काळी सावली सरळ जाळ्यावर चालून आली. दांडीला धडकली, मागं सरली, पुन्हा धडकली. पळून जायला सगळी बोडी मोकळी होती, पण ती पिल्लांच्या दिशेनं तोंड करून जाळ्याच्या कडेलाच घोटाळत राहिली, आणि शेवटी स्वतःहून आत शिरली.

"पाह्यलं?" नंदलाल म्हणाला. "पिल्लं धरली की मरळ आपोआप हाती येते. यायच्यासारखी धरायले सोपी मासोळी नाही."

संघदीपनं जाळं प्लास्टिकच्या टबात उलटं केलं. मरळ आपटली, थोडं पाणी उडालं, आणि मग टबाच्या तळाशी पिल्लांच्या खाली जाऊन गप्प राहिली. कल्ले तेवढे हलत होते.

"नाही," लीलाबाई म्हणाली.

"काय नाही?" नंदलालनं विचारलं.

"हे खायचं नाही. पिल्लं हायेत त्याचे."

"काकू, मासोळी हाये ते."

"मासोळी हाये म्हून तं मी बोलून राहिली. मानूस असता तं त्यानं स्वतःच सांगतलं असतं."

नंदलालनं संघदीपकडं पाहिलं. संघदीपनं खांदे उडवले. नंदलालनं डोकं खाजवलं, टबात पाहिलं, पुन्हा डोकं खाजवलं. "माजा बाप बी पिल्लावाली मरळ सोडून देई," तो शेवटी म्हणाला. "ठीक हाये. पन माज्या बोडीत नोको. पाळीपल्याड तलावात नेऊन सोडा."

"अन् माय?" लीलाबाईनं विचारलं.

"कोनाची?"

"यायची. ते राहिली न आत."

मग बोडीतली मरळीण धरायला वेळ गेला. संघदीपनं उरलेली पिल्लं काठाशी कोंडून धरली आणि वाट पाहिली. दोनदा ती आली आणि निसटली. तिसऱ्या खेपेला लीलाबाईच साडी गुडघ्यावर घेऊन पाण्यात उतरली आणि तिनं पलीकडून वाट अडवली. मरळीण आली, तिच्या पिंडरीला शेपटीचा फटका मारून जाळ्यात गेली.

टब पाण्यानं चांगलाच जड झाला होता. संघदीप उचलायला वाकला, तसा लीलाबाईनं त्याचा हात बाजूला केला.

"तू नोको लावू हात. जड उचलायचं नाही तुले अजून."

"तुले कोनं सांगतलं?"

"मले कोन काय सांगते?" ती म्हणाली. "आयकत राहते मी. भिंतीले कान हायेत, मले नाहीत का?"

टब नंदलालनं घेतला आणि उरलेल्या पिल्लांची बादली लीलाबाईनं. संघदीप रिकाम्या हातानं मागून चालला, डबा तेवढा घेऊन, शाळेत निघालेल्या पोरासारखा.

पाळीपल्याड, कमळाच्या पानांची दाटी होती तिथं उथळ पाण्यात त्यांनी टब आडवा केला आणि बादलीही रिकामी केली. दोन्ही मरळी बाणासारख्या सुटल्या आणि गढूळ पाण्यात दिसेनाशा झाल्या. पिल्लं मागं राहिली. त्यांचा तो घट्ट चट्टा विस्कटला होता. चार इकडं, दहा तिकडं, सैरावैरा.

"आता त्यायचं ते पाहतील," म्हणून नंदलाल टब घेऊन परत गेला.

लीलाबाई हलली नाही. पाळीवरच्या दगडावर बसली. संघदीप जवळ बसला, त्यानं डबा उघडला. भात आणि वालाच्या शेंगांची भाजी होती. तो जेवू लागला. तिचं लक्ष पाण्यावर होतं.

"येतील का रे ते परत?"

"सांगता नाही येत, माय. भेली हायेत."

बराच वेळ नुसती कमळाची पानं हलत राहिली. मग लीलाबाई पाण्याकडं बघतच बोलली. "सारे म्हन्तात, मले नातू पायजे होता."

संघदीपचा घास हातातच राहिला. "मंग नाही का?"

"पोरी काय वाईट हायेत? गुंजन तं माजा जीव हाये." ती थांबली. "पन दोनच रे बापू. दोनावर कोन भरवसा ठेवते?"

त्यानं डबा खाली ठेवला.

"तुज्या वरती एक होती," ती सांगू लागली. "सुजाता. डोस्क्यावर केस असे, की कंगवा अडके. दोन वर्साची होऊन गेली. हगवन लागली. सांजच्याले माज्या मांडीवर बसून मुरमुरे खाल्ले तिनं, अन् दुसऱ्या दिवशी नाही. तू तवा पोटात होतास. साऱ्या बाया म्हनत, जाऊ दे लीला, दुसरं येऊन राहिलं. मी बी तसंच म्हने. दुसरं येऊन राहिलं. चवथ्या दिवशी रोवायले गेली. बसून रडली बी नाही मी तिच्यासाठी. कोनासाठीच नाही. एक गेलं की दुसरं, दुसरं गेलं की तिसरं. असं होतं बाप्पा आमचं. लय होऊ द्यायचे, म्हंजे काई तरी हाती राहते."

संघदीपनं लहानपणापासून 'सात' हा आकडा ऐकला होता. सुजाता हे नाव त्यानं आज पहिल्यांदा ऐकलं. तो आईच्या हाताकडं बघत राहिला. रोवून रोवून त्या हातांची बोटं पांढरी, सुरकुतलेली झाली होती.

"बाकीच्यायचे नावं?"

"एक मिलिंद होता. गोवरानं गेला. दोघायचं नाव ठेवाच नाही लागलं." तिनं पदरानं नाक पुसलं. "म्हून मी म्हनली, दोनच? तुले तं माहीत नाही रे, कसं राहते ते. एक जरी..."

तिनं वाक्य पुरं केलं नाही. त्यानंही पुरं करू दिलं नाही.

"मले बी भेव लागते, माय," तो म्हणाला. "तुले वाटते नाही लागत? दोघी झोपल्या की मी हात नेतो त्यायच्या नाकाजवळ, श्वास चालून राहिला का ते पाहतो. रोज. दीप्ती हासते मले. पन आता टीके हायेत, दवाखाना हाये, फोन केला की गाडी येते. अन् मी हाये न. मले दुसरं करायचं काय हाये? दोघींले राखायचं हाये, बस."

"नाकाजवळ हात नेतोस?"

"हो."

"मी बी नेत होती," लीलाबाई म्हणाली. मग जरा लाजल्यासारखी होऊन, "अजून नेते कधीकधी. तू दुपारी झोपला राहतेस तवा."

संघदीपला हसावं की काय करावं कळेना. त्यानं आईच्या खांद्याला खांदा लावला, आणि दोघं तसेच बसून राहिले. डब्यातल्या भाताला मुंग्या लागल्या, तेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

"ते पाहा," तो एकदम म्हणाला.

कमळाच्या दोन पानांच्या मध्ये पाणी खदखदू लागलं होतं. विखुरलेली पिल्लं एकेक करत तिकडं सरकत होती. चट्टा पहिल्याएवढा मोठा नव्हता, काही गेली असतील. पण खाली ती काळी सावली होती. एकच होती. दुसरी दिसली नाही. लीलाबाईनं मान इकडंतिकडं करून खूप पाहिलं.

"बाप हाये का माय?" तिनं विचारलं.

"येथून कसं सांगू?"

"कोनीबी असो," ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

संध्याकाळी देवाजी युरियाचं पोतं उतरवून हातपाय धूत होता, तेव्हा गुंजननं त्याला आजीकडून ऐकलेली सगळी हकीकत सांगितली. मरळीची, पिल्लांची, आणि आजी पाण्यात उतरली त्याची. देवाजी ओल्या हातानं तसाच सैपाकघराच्या दारात आला.

"सोडून दिली?" त्यानं अविश्वासानं विचारलं. "दोन्ही? अवो, ऑपरेशनवाल्याले मरळीचा रस्सा किती चांगला राहते! जखम लवकर भरते म्हन्तात. घरी चालून आली होती, अन् तुमी दोघं मायलेकं तलावात सोडून आले?"

लीलाबाई चुलीपुढं होती. आधी तिचे खांदे हलले, मग ती मोठ्यानं हसली. इतकी हसली की फुंकणी हातातून पडली. झोळीतली धाकटी दचकून जागी झाली, आणि रडायचं सोडून आजीकडं बघू लागली. दीप्तीनं सासूला असं हसताना लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं. तीही हसली, कशाला ते न कळताच.

हसणं ओसरल्यावर लीलाबाईनं नवऱ्याकडं मान वळवली. "तुमी त्याच्यासंगं गेले होते न दवाखान्यात? मले काऊन नाही सांगतलं?"

देवाजी खांबाला टेकला. "सांगतलं असतं तं तू बी येतो म्हनली असती."

"आली असती. मंग?"

"मंग डॉक्टरले बाजूले सारून तूच सांगत बसली असती, कसं करायचं ते."

"बरं," ती म्हणाली. "पुढच्या डावी मी जाईन. तुमी वासराजवळ बसा."

पुढचा डाव दुसऱ्याच दिवशी आला. गावच्या उपकेंद्रात लसीचा दिवस होता. रोवणी अजून उरली होती आणि अनुसयाबाई बोलवायलाही येऊन गेली, पण लीलाबाईनं तिला सांगितलं, आज नाही येत, नातीला सुई द्यायची आहे. धाकटीला तिनं स्वतःच्या लुगड्यात गुंडाळून घेतलं. दीप्ती आणि संघदीप बरोबर होते.

नर्सबाईनं बाळाची मांडी धरली, सुई टोचली, आणि धाकटीनं असा टाहो फोडला की बाकावरच्या सगळ्या पोरांनी सूर लावला. लीलाबाईनं तिला छातीशी धरलं. "झालं, झालं माज्या मायचं," म्हणता म्हणता तिचा स्वतःचा आवाज फुटला. बाळ थोड्या वेळानं शांत झालं, पण लीलाबाई थांबेना.

"अवो आजी, पोर हासून राहिली न तुमी काऊन रडता?" नर्सबाई म्हणाली. "सुईच तं होती."

संघदीपनं बाळ दीप्तीकडं दिलं आणि आईला दंडाला धरून बाहेर आणलं. बाहेर कडुनिंबाखाली सिमेंटचा ओटा होता, त्यावर तिला बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. येणाऱ्या-जाणाऱ्या बाया विचारत होत्या, काय झालं, कुणाला काय झालं? तो नुसतीच मान हलवत होता. उगी उगी असं तो एकदाही म्हणाला नाही. लीलाबाई पदर तोंडाशी धरून रडत होती, सावकाश, काही घाई नसल्यासारखी, आणि त्यानं तिला पुरतं रडू दिलं.